रुखवतातला डायनासोर

नवरदेव रुखवताच्या मेजापुढे थबकला आणि काही केल्या पुढे सरकेना.

मुकुंदवाडीच्या त्या मंगल कार्यालयात वधूपक्षाने बोहल्याशेजारीच रुखवत मोठ्या हौसेने मांडले होते. लाडवांचे मनोरे होते, कुरडयांची फुले होती, शेवयांची ताटे होती. आणि या सर्वांच्या मधोमध, जबडा वासून, एक डायनासोर उभा होता. नवरदेव चिन्मय हा महाविद्यालयात प्राचीन प्राण्यांचा विषय शिकवीत असे. ही गोष्ट ध्यानी घेऊन वधूची आत्या मनकर्णाबाई हिने पिशोरला बसून तो स्वहस्ते घडविला होता. अंग थर्माकोलचे, खवल्यांच्या ठिकाणी शंकरपाळे, दातांच्या ठिकाणी भोपळ्याच्या बिया आणि नखांच्या ठिकाणी काजू. नमुन्यादाखल तिने भाच्याच्या मोबाइलवर एक इंग्रजी चित्रपट पाहिला होता, तोही भीतीमुळे एक डोळा मिटून.

चिन्मय त्या प्राण्याकडे एकटक पाहत राहिला. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"रुसले!" वधूपिता पुंजाराम आनंदाने ओरडले. रुखवतावर जावयाने रुसावे आणि सासऱ्याने त्याची मनधरणी करावी, ही त्यांच्या घराण्यातील रीत होती. शहरातला जावई ती पाळील, अशी आशा मात्र त्यांनी सोडून दिली होती. "बोला जावईबापू, काय पायजे? साखळी?"

चिन्मयने नकारार्थी मान हलविली.

"गाडी?"

पुन्हा तेच.

"लई पक्के रुसले," पुंजाराम अभिमानाने मंडळींना म्हणाले.

वास्तविक अडचण निराळी होती. आज कोणाचीही चूक काढणार नाही, असे वचन चिन्मयने अपेक्षाला, म्हणजे नियोजित वधूला, दिले होते. आणि समोरच्या प्राण्यात चूक नाही अशी जागा त्याला सापडत नव्हती.

मनकर्णाबाई गर्दीतून पुढे आली.

"माझ्या हातचं आवडलं नाय व्हय?" ती हळूच म्हणाली. "चारचौघांत सांगू नका मंग. म्या झाकून ठिवते."

आणि तिने खरोखरच खांद्यावरची शाल काढून त्या प्राण्याच्या तोंडावर टाकली. महिनाभराचे कष्ट शालीखाली गेले. तिचा चेहरा पाहून चिन्मयला राहवले नाही.

"तसं नाही, आत्याबाई," तो कळवळून म्हणाला. "फक्त पिसं नाहीत."

"पिसं!" पुंजारामांनी सर्वांस जाहीर केले. "जावयाला पिसं पायजेत! सुदर्शन, पळ!"

"मोराची का कोंबडीची?" त्यांचा पुतण्या सुदर्शनने विचारले. "कोंबडीची म्हनत असाल तर बजाजनगरात दुकान हाय वळखीचं."

"मांडवात कोंबडी? व्याह्यांपुढं? अक्कल हाय का तुला?"

"मला नकोत हो," चिन्मय घाईघाईने म्हणाला, "त्याला हवीत!"

एकदा तोंड उघडल्यावर मात्र त्याला थांबता आले नाही. चित्रपटातील प्राणी आणि प्रत्यक्षातील प्राणी यांत किती अंतर आहे, हे तो फेटा सावरीत सांगू लागला. या जातीच्या हाताच्या हाडावर पिसे रुतण्याच्या खुणा सापडल्या आहेत. शेपटी तो जमिनीवरून ओढीत नसे, ताठ धरीत असे. आणि पंजे असे खाली लोंबत नसत; तळवे एकमेकांसमोर असत. हे समजावे म्हणून त्याने दोन्ही हात टाळीच्या बेताने समोर धरले. मागच्या खुर्च्यांवरील मंडळींनी लगेच टाळ्या वाजविल्या.

"अन् उंची?" मनकर्णाबाईने धीर धरून विचारले.

"उंची तुम्ही केलीत तीच बरोबर आहे. हा असा कमरेइतकाच होता. चित्रपटवाल्यांनी उगाच माणसाएवढा केला."

मनकर्णाबाईची मान ताठ झाली.

"म्हंजी कोंबडंच की हे."

"नात्यातलंच."

"मंग पिच्चरवाल्यानं त्याची पिसं कशापायी उपटली?"

"लोकांना भीती वाटावी म्हणून."

"सोललेल्या कोंबड्याला कोन भितंय?"

मनकर्णाबाईने शाल ओढून काढली, शेजारचे शेवयांचे ताट पुढ्यात घेतले आणि आचाऱ्याकडून पाकाची वाटी मागविली.

मुहूर्त समीप आल्याचे गुरुजींनी दोनदा सांगितले. कोणी हलेना. अखेर अपेक्षा स्वतःच शालू सावरीत बाहेर आली. नवरदेव गुडघ्यांवर बसून शेपटी वर उचलून धरीत होता, मनकर्णाबाई एकेक शेवई चिकटवीत होती, आणि मुंडावळ्यांना पाक लागला होता.

"चिन्मय, तू शिकवतोयस ना?"

"नाही," तो शेपटी न सोडता म्हणाला. "रुसलोय."

"तू आत जा गं," पुंजारामांनी मुलीला दटावले. "रीत हाय. रुसू दे त्यांना."

मुहूर्त थोडक्यात साधला. शेवटच्या मंगलाष्टकाला मनकर्णाबाईने अक्षतांची एक मूठ वधूवरांवर टाकली. दुसरी मूठ उचलताना तिची नजर मेजाकडे गेली. शेवयांनी अंगभर फुललेला तो प्राणी गर्दीकडे पाहत उभा होता, आणि दोन लहान मुली निर्धास्तपणे त्याच्या पाठीवरून हात फिरवीत होत्या. मनकर्णाबाई तिकडे गेली. अंगणात दाणे टाकावेत तशा तिने अक्षता त्याच्या पायांपुढे पसरल्या.

"खा बाबा," ती म्हणाली. "कवाचा उपाशी असशील."

तो प्राणी मांसाहारी होता. चिन्मयने तोंड उघडले. अंतरपाट बाजूला झाला होता आणि समोर अपेक्षाने हार उंचावला होता. त्याने तोंड मिटले आणि मान खाली घातली.