मागची जागा

बिश्केकच्या बाजारात, वाद्यांच्या दुकानात मी सुनेवर ओरडले, “अगं जिपार, गिटार घे, गिटार!”

बायकांच्या बँडमध्ये गिटार आणि बास, म्हणजे ताल धरणारी जाड तारांची गिटार, दोन्ही जागा तिच्यासाठी मोकळ्या होत्या, आणि ही बया बासवर हात ठेवून उभी!

“गिटारवाली पुढे उभी राहते, लग्नात लोक तिच्याकडे बघतात. बासवाली मागे. तीस वर्षं मी सून म्हणून दाराशी बसून चहा ओतला, एकानं मान वळवून पाहिलं नाही. आता तूही मागेच बसणार?”

“बरोबर आहे, आपा,” दुकानदार वाटीतला चहा फुरकत हसला. “बास ऐकतंय कोण? ज्याला गिटार जमत नाही, तो बास घेतो.”

जिपार शांतपणे म्हणाली, “आई, पाहुणा बसावा असं वाटलं की तुम्ही त्याची वाटी अर्धीच भरायचात. जावा असं वाटलं की काठोकाठ. मग बैठक कोण चालवत होतं? पुढे बसलेले, की तुम्ही? बासचंही तसंच असतं.”

तीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुकानदारानं रिकामी वाटी जिपारपुढे सरकवली. “ए सूनबाई, गप्पा पुरे. चहा ओत जरा.”

तिच्या आधी किटली मी उचलली. त्याची वाटी अगदी काठोकाठ भरली.

वाटीकडे बघत तो स्वतःच्याच दुकानात उठून उभा राहिला.