रविवारी पोचणारं रॉकेट
इंटरनेटच्या उपग्रहांचा आणखी एक घाणा आभाळात सोडून भर समुद्रातल्या तराफ्यावर उतरलेलं रॉकेट काजळल्या अंगानं कॅनॅव्हरलच्या बंदरात शिरलं. “आली बघ तुझी सवत, तोंड काळं करून,” खानावळीच्या खिडकीतून बघत मैत्रीण म्हणाली. लोरीन हसली. ते रॉकेट आणणाऱ्या बोटीवरच तिचा नवरा खलाशी होता. तिनं लगेच फोन लावला. “अजून समुद्रातच आहे गं राणी. रविवारी पोचू.” लोरीनचं हसू विझलं. कुणाच्या घरून बोलतोय हा? “मागे कसला आवाज?” “लाटांचा.” लाटा अशा चुरचुरतात? तेवढ्यात वाढपी आतलं दार ढकलून बाहेर आला. आत कढईपुढे नवराच मासे तळत होता, फोन मानेत अडकवून. बोटीवरची नोकरी गेल्याचं त्याला सांगवलं नव्हतं. बिनखिडकीच्या भटारखान्यातून रॉकेटही दिसलं नव्हतं. “बरं,” लोरीन हळूच म्हणाली, “जपून ये. लाटांचे चटके बसतात.”