एका थेंबासाठी तीन जिने

मावशींनी हात धुतले, स्टुलावर बसल्या, डोळे मिटून सावकाश पाच श्वास घेतले आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पाणी तपासणीच्या या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्यांचा दिवस असाच सुरू व्हायचा. इमारतीमागच्या तळ्यातला एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि दहा मिनिटं नुसतं बघायचं. काही मोजायचं नाही, लिहायचं नाही. मग तीन जिने उतरून तो थेंब तळ्यात सोडून यायचा.

"एका थेंबासाठी तीन जिने!" साहेब रोज म्हणत. "मावशी, बेसिनने काय घोडं मारलंय?"

मावशी हसण्यावारी नेत.

आज त्यांनी डावा डोळा लावून पाहिला, मग उजवा. भिंग फिरवलं, पुन्हा फिरवलं. नुसतं धुकं. नजर जाणार हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं, पण ती नेमकी आज जावी? नोकरीचा शेवटचा दिवस होता.

"साहेब, मला दिसत नाहीये हो. तुम्ही बघून सांगता?"

साहेबांना मीटिंगची घाई होती. पण मावशींचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. ते उभ्या उभ्याच वाकले.

"पाणी आहे. थोडा कचरा."

"बसा आधी. श्वास घ्या. मग बघा."

साहेब बसले.

"काहीतरी हललं. तिळाहून बारीक असेल. आरपार दिसतंय, काचेसारखं. अहो मावशी, याचं काळीज धडधडतंय!"

"तिचं. पाणपिसू असणार ती. पोटात बघा तिच्या."

साहेबांनी भिंग किंचित फिरवलं.

"पिल्लं आहेत," ते शेवटी म्हणाले. "चार. त्यांचीही काळजं धडधडताहेत."

मावशींना भरून आलं. आपल्यामागे बघणारं कुणीतरी राहिलं होतं.

कारकून दारात आला. "साहेब, मीटिंगला सगळे..."

"हळू बोला," साहेब कुजबुजले.

दहा मिनिटांनी त्यांनी काचपट्टी अलगद उचलली. मावशींनी हात पुढे केला, पण साहेब बेसिनवरून पुढे दाराकडे निघालेसुद्धा.

जिन्यात वर येणाऱ्यांची गर्दी होती. काच दोन्ही हातांत धरून साहेब एकेक पायरी जपून उतरत होते.

"जरा वाट द्या," ते म्हणाले. "आम्ही सहा जण आहोत."