एका गाण्यासाठी एचडी

सेट-टॉप बॉक्सची वायर जागेवर नव्हती. मुकुलने टीव्हीमागे हात घालून चाचपलं. जळमटं तेवढी हाताला लागली.

"आई, इथे पुसलंस का गं काही?"

"मी कशाला हात लावू तुझ्या त्या पसाऱ्याला?"

पसारा खराच होता. बॉक्समधली वायर एका डबीत, डबीतून कॉम्प्युटरमध्ये, आणि कॉम्प्युटर टीपॉयवर. टीव्हीवर दिसेल ते तसंच्या तसं कॉम्प्युटरमध्ये साठायचं. पहिले दोन दिवस नुसता काळा पडदा आला. मग ऑफिसातल्या देवव्रतचं डोकं खाऊन मुकुलने ते जमवलं, एचडी पॅक घेतला आणि जागा करायला आपल्या सगळ्या क्रिकेटच्या मॅच उडवल्या. हे सगळं एका गाण्यासाठी. आज त्याची बायको, गंधाली, टीव्हीवरच्या स्पर्धेत गाताना दिसणार होती.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिने तानपुरा पुन्हा काढला, तेव्हापासून बोरिवलीच्या या घरात डब्याची भाजी मुकुल करत होता. चवीचं विचारू नये.

"रेकॉर्ड नको रे करूस," सकाळी निघताना ती पुन्हा म्हणाली होती. "सूर लागला नाहीये माझा. लाज वाटते."

"नसेल लागला. मला हवंय."

शूटिंगलाही येऊ नकोस, असं तिने त्याला आधीच सांगितलं होतं. घरच्यांना आत सोडत नाहीत, म्हणाली. मग मागच्या भागात एका स्पर्धकाचा अख्खा गोतावळा पहिल्या रांगेत बसून रडताना दिसला. मुकुलला फसवल्यासारखं वाटलं. तो तिच्याशी धड बोलेना. शेवटी तिनेच समजूत काढली. "तुझा एक छानसा फोटो दे ना. त्यांना दाखवते, माझ्यामागे कोण उभंय ते."

अलिबागचा फोटो होता, दोघांचा. त्यातून तिने स्वतःला काढायला लावलं. "फक्त तू हवास. आणि जरा मोठा कर, फ्रेममध्ये बसेल असा."

मुकुलने अख्खी संध्याकाळ घालवून चेहऱ्यावरचं ऊन कमी केलं, मागचा समुद्र पुसला. राग तिथेच गेला. ती सगळ्यांसमोर आपलं नाव घेणार, एवढंच आता त्याच्या डोक्यात होतं. त्याला ते ऐकायचं होतं आणि कायमचं जपून ठेवायचं होतं.

फोन वाजला. गंधालीच होती, मालाडच्या गाण्याच्या क्लासमधून.

"अरे, आज आपल्याकडे केबल बंद आहे म्हणे."

"चालू आहे की! वायर तेवढी गायब झालीय. जुनी लावतो."

"मुकुल, आईंना नको ना बसवूस. उगाच टोमणे मारतील."

"घाबरू नकोस गं. झकास गायली असशील."

जुनी वायर चालली. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात लाल ठिपका पेटला. आई चष्मा पुसून पुढे सरकली. "मला आपलं सगळं धूसरच दिसतं."

"एचडी आहे, आई. आज केसन् केस दिसेल."

गंधाली स्टेजवर आली. साडी फिकट होती.

"मंगळसूत्र कुठे गं हिचं?" आई म्हणाली.

"टीव्हीवाले काढायला लावतात. कपड्यांवर जात नाही म्हणून."

ती गायली. सूर कुठेच हलला नाही. मुकुलच्या अंगावर काटा आला. परीक्षक उठून उभे राहिले. निवेदिकेने तिचा हात हातात घेतला. "गंधाली, हे गाणं कुणासाठी?"

"मुकुलसाठी."

"घेतलं!" मुकुल ओरडला. "आई, ऐकलंस? नाव घेतलं माझं!"

"तो असता ना," गंधाली डोळे टिपत म्हणाली, "तर आज इथे समोर बसला असता."

कॅमेरा बाजूच्या टेबलावर वळला. अलिबागचा फोटो फ्रेममध्ये अगदी नीट बसला होता. त्यावर चंदनाचा हार होता, आणि एचडीत त्याची पाकळी न् पाकळी स्पष्ट दिसत होती.