बोअरचं पाणी

अकरावीच्या केमिस्ट्रीच्या बाईंनी तपासणीसाठी प्रत्येकाला घरचं पाणी आणायला सांगितलं. बबिताची बाटली धरमसिंगनं स्वतः तीनदा विसळली आणि तांड्यावरच्या बोअरवर जाऊन काठोकाठ भरून आणली. बायकांना नाल्यावर जावं लागू नये म्हणून सात वर्षं पंचायत समितीत खेटे घालून ती बोअर त्यानंच मिळवली होती.

"सांग तुया बाईले, असं पाणी तालुक्यात नाही," तो लेकीला म्हणाला.

आज वर्गात बाईंनी तीच बाटली हातात धरली होती. "हे पाणी दिसायला स्वच्छ आहे, चवीलाही गोड. पण यात फ्लोराइड फार आहे. यानं दात पिवळे पडतात, लहान मुलांची हाडं वाकतात. बबिता, घरी सांग, हे प्यायचं नाही."

बबिता घरी आली तेव्हा धरमसिंग ओट्यावर बसून धाकट्या सोनूच्या वाकड्या पायांना तेल चोळत होता. मांडीवरची सोनू चार वर्षांची होती आणि अजून भिंत धरूनच चालायची.

"तपासलं का व आपलं पाणी? कसं निघालं?"

बबितानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

"चांगलं निघालं, बा."

धरमसिंग पिवळे दात दाखवत हसला. "मले मालूमच होतं." मग शेजारचा भरलेला गिलास त्यानं सोनूच्या ओठांना लावला. "पी माय, अजून पी. पाय सरळ होतीन तुये."

बबितानं तो गिलास ओढून घेतला आणि बापाच्या देखत अंगणात ओतला.