गळ्यापर्यंत बटणं

"कॅप्टन, आजचा दिवस नुसत्या शर्टावर उभा राहू का? डॉक्टरांनी उन्हाला जपायला सांगितलंय." ऑर्विल घामानं निथळत होता. गेल्याच वर्षी त्याला हार्ट अटॅक येऊन गेलेला.

व्हर्जिनियातली जुलैची दुपार. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांसारखे जाड लोकरीचे कोट घालून, ठासणीच्या बंदुकांनी मातीच्या थाळ्या फोडायची आमची सांघिक स्पर्धा.

"गळ्यापर्यंत बटणं लाव!" तंबूच्या सावलीत बर्फ घातलेला चहा ढोसत कॅप्टन डॅब्नी गुरकावला. "माझ्या खापरपणजोबांनी याच खोऱ्यात, असाच कोट अंगात असताना प्राण सोडला. त्यांनी नाही केली कुरकुर! कोट काढलास तर अख्खा संघ बाद."

आमच्यासाठी ऑर्विलनं बटणं लावली. तिसऱ्या फेरीत बंदूक ठासता ठासता तो कोसळला. रुग्णवाहिकेतल्या पोरीनं कात्रीनं त्याचा कोट टराटरा कापला आणि त्याला घेऊन गेली.

कॅप्टननं चिंध्या उचलल्या. "कापायची काय गरज होती? बटणं होती ना!"

मी म्हटलं, "तुमचे खापरपणजोबा निदान गोळी लागून तरी गेले. याला तुम्ही उन्हात उभा करून मारताय!"

"गोळी? छे!" कॅप्टनची छाती अभिमानानं फुगली.

 

"कूच करतानाच ऊन लागून गेले. पण शेवटपर्यंत एक बटण काढलं नाही हं!"