मुका टाका

पहिल्याच खुर्चीची गादी उसवायला ताईनं शिवणीत पातं घातलं आणि ते अडकलं. तिनं खुर्ची उलटी केली, बोटानं शिवण चाचपली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. हा टाका तिच्या घरचा होता.

खुर्च्या दुकानाच्या मिस्त्रीनं सकाळीच आणल्या होत्या. पोलिसांनी धाडीत जप्त केलेल्या सहा खुर्च्या, लिलावात कुणी विचारेना म्हणून स्वस्तात मिळालेल्या. गाद्या मधोमध फाडून आतला माल काढून घेतलेला, कडा मात्र शाबूत. जुनं कापड काढायचं, नवा फोम, नवं कापड, की खुर्च्या विकायला तयार. मिस्त्री खुशीत होता.

ताईच्या माहेरी अशाच खुर्च्यांतून, गाद्यांतून, उशांतून नशेची पावडर जायची. ने-आण बाप आणि भाऊ करायचे, शिवायचं बायकांनी. आईनं त्यासाठी एक टाका शोधून काढला होता. दर तिसऱ्या टाक्याला सुई मागं वळवायची आणि दोरा कापडाखाली दाबून टाकायचा. बघणाऱ्याला वाटावं, कारखान्यातच शिवलंय. घरात त्याला मुका टाका म्हणत, कारण तो कुणापुढं तोंड उघडत नसे. आईनं तो फक्त ताईला शिकवला. बाहेर कुणाला दाखवला असता तर बापानं जीवच घेतला असता.

आधी तिला वाटलं, आपलंच जुनं पाप फिरून दारात आलं. खरं सांगायचं तर तिला जरा हायसंच वाटलं. स्वतःच्या पापाची तिला सवय होती. सहा वर्षांपूर्वी तिनं घर सोडलं, पावडर सोडली, दोनदा घसरली, तिसऱ्यांदा उभी राहिली. मग तिची नजर खुर्चीच्या पायाला बांधलेल्या पोलिसांच्या चिठ्ठीवर गेली. जप्तीची तारीख गेल्या महिन्यातली होती. कापडही नवंकोरं होतं.

म्हणजे आईनं शिवलं असेल. पण आईची बोटं बापानं दाराच्या फटीत घालून मोडली, त्याला दहा वर्षं झाली. तिला साधं बटण लावता येत नाही.

ताई खुर्चीजवळ खाली बसली. आता एकच हात उरत होता.

स्वतःची लेक सहा-सात वर्षांची असताना ताईनंच तिला मांडीवर घेऊन हा टाका दाखवला होता, चिंध्यांच्या बाहुलीचं पोट शिवताना. काय करणार? त्या घरात मायलेकींना दुसरा खेळ नव्हता. टाका गायब झाला की पोर खिदळायची, आणि ताई कौतुकानं म्हणायची, अजून एक घाल. आपण काय शिकवतोय हे तेव्हा तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

घर सोडलं तेव्हा लेक आठ वर्षांची होती. थोरल्या भावानं सरळ सौदा मांडला. तू पोलिसांकडं जायचं नाहीस, इकडं फिरकायचं नाहीस, पोरीला मी वसतिगृहाच्या शाळेत घालतो. ताईनं काळजावर दगड ठेवून मान डोलावली. मग दर महिन्याला भाऊ फोनवर सांगायचा, पोर हुशार आहे, अक्षर मोत्यासारखं आहे. तेवढ्यावर ताई महिना काढायची. पावडरीची ओढ लागली की स्वतःला बजावायची, आपल्यातली एक तरी सुटली. त्या भावाच्या शब्दावर विश्वास ठेवला तिनं! पण बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

तरी तिनं स्वतःला सावरलं. पोर चौदा वर्षांची आहे. एखाद्या वेळी शिवायला बसवली असेल दमदाटी करून. उद्या पहिल्या गाडीनं जायचं, सौदा गेला खड्ड्यात. पोलिसांना बरोबर न्यायचं आणि पोरीला बाहेर काढायचं. हातात सुई धरली म्हणून कुणाचा जन्म वाया जात नाही. आपण नाही का आता सुईवरच जगत? ती पदर झटकून उठली.

तेवढ्यात मिस्त्रीनं ती खुर्ची उजेडाला ओढली. चष्मा नाकावर घेऊन तो शिवण न्याहाळू लागला. चाळीस वर्षं गादीकाम करणारा माणूस, सहसा कुणाचं कौतुक करायचा नाही.

"काय हात आहे, ताई," तो म्हणाला. "माझा तासाभरात लटपटायला लागतो. इथं चारही कडा एका बैठकीत शिवल्यात, आणि शेवटचा टाका पहिल्यासारखाच. हा माणूस दमतच नाही."

ताईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

लहानपणी तिचे टाके वाकडे जायचे. दुपार कलली की बोटं दुखायची, डोळे मिटायला लागायचे, सुई घसरायची. बापाचा पट्टा बसायचा, तरी घसरायची. लहान पोराचा हात तो, मारून किती चालणार? ती तेरा वर्षांची झाली आणि एक दिवस बापानं पट्टा बाजूला ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिला जवळ घेतलं, बोटावरची चिमूटभर पावडर तिच्या हिरड्यांना चोळली आणि म्हणाला, आता नाही दुखणार. त्या दिवसानंतर तिचा एकही टाका वाकडा गेला नाही.

मिस्त्री चहा प्यायला बाहेर गेला. ताईनं सहाही खुर्च्या उलट्या करून ओळीनं मांडल्या आणि गुडघ्यांवर बसून कडेकडेनं बोट फिरवत निघाली. एक तरी टाका वाकडा सापडू दे. एखादा सैल, एखादा चुकलेला, एखादा कंटाळून घातलेला. सहावी खुर्ची संपली, तशी ती पुन्हा पहिलीपासून सुरू झाली.